कोनाड्यातली शांतता

मित्रांनो, मी एक जुना कोनाडा आहे. पण भिंतीतला नव्हे. तुम्ही मला शोधायला आलात तर मी तुम्हाला दिसणारच नाही. दिसेल ती सामानाची खोली, झाडू आणि जास्तीच्या खुर्च्या, त्यांच्या शेजारी एक लोखंडी कपाट, आणि कपाटात गुरगुरणारं एक काळं यंत्र. त्या यंत्राच्या पोटात आम्ही तिघं राहतो, एका घरात तीन बिऱ्हाडं असावीत तसे. एक शेजारी मुलांच्या भेटीच्या वेळा सांभाळतो, दुसरा हिशेब. प्रत्येकाला वाटतं, आपण एक अख्खा संगणक आहोत. आपल्याला आपलं डोकं आहे, आपली जागा आहे. खरं तर ते सगळं मोठ्या यंत्रानं वाटून दिलेलं. अशाला आभासी यंत्र म्हणतात. आभासी म्हणजे खोटं नव्हे बरं का. स्वप्नात आई हाक मारते, तेव्हा ती हाक खोटी असते का? तितकाच मी खोटा.

मला घडवलं तारवाल्यांनी. त्यांचं खरं नाव केंद्रात कोणी घेत नाही. खांद्यावर वायरींचं भेंडोळं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि ओठांवर ‘झालंच हं’, अशी त्यांची स्वारी येते. एका दुपारी ते सामानाच्या खोलीत उलट्या बादलीवर बसले, मोठ्या यंत्राला म्हणाले, याला एवढं डोकं दे, एवढी डिस्क दे, आणि मी जागा झालो. डिस्क म्हणजे माझी साठवणीची जागा. ती त्यांनी बेताचीच दिली. ‘पुरेल,’ ते स्वतःशीच म्हणाले. मुलाला कपडे घेताना आई चार बोटं वाढीव घेते. तारवाल्यांनी अगदी मापाचे घेतले.

मग त्यांनी माझ्यावर लिनक्सचे संस्कार केले. लिनक्स ही संगणक चालवणारी, अबोल घराण्यातली प्रणाली. सांगितलं तेवढंच करते, आणि सांगितलं ते नक्की करते. चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच इमानानं करते.

“याचं नाव काय ठेवू?” तारवाल्यांनी दारातून विचारलं.

“कोनाडा ठेवा,” आतून मावशी म्हणाल्या. “हाताशी असतो, आणि त्यात ठेवलेलं कोणी हलवत नाही.”

हे केंद्र म्हणजे औषधांच्या दुकानाच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. ज्यांना कमी ऐकू येतं आणि म्हणून बोलणंही उशिरा येतं, अशी मुलं इथे येतात. मावशी त्यांना ऐकायला आणि बोलायला शिकवतात. मधली खोली त्यांची. खिडक्यांना जाड पडदे, खाली सतरंजी, एक बुटकं टेबल, त्यावर मायक्रोफोन, आणि खेळण्यांची पेटी. पेटीतल्या लाकडी घोड्याला एकच कान उरला आहे. “तोही आमच्याकडे उपचाराला येतो,” असं मावशी नव्या आयांना सांगतात. नव्या आयांना हसू येत नाही. काही महिन्यांनी येतं.

मुलांचे आवाज मायक्रोफोनमधून माझ्याकडे यायचे आणि मी ते जपून ठेवायचो. पण मावशींची एक रीत होती. मुलाचा आवाज घेण्याआधी त्या खोलीची शांतता घ्यायच्या. ओठांवर बोट ठेवून ‘श्श’ म्हणायच्या, की सगळं थांबायचं. मायक्रोफोन तेवढा चालू. कारण खोली कधीच पुरती गप्प नसते. पंखा असतो, खालच्या दुकानाचं शटर असतं, पलीकडच्या नळाचं ठिबकणं असतं. नुसत्या खोलीचा आवाज काय आहे ते आधी कळलं, की मुलाच्या आवाजातून तो वजा करता येतो. मुलांना हा खेळ फार आवडायचा. श्श झालं की पुतळा व्हायचं. जो हलला तो हरला. जी मुलं घरी एका जागी जेवत नसत, तीही मावशींच्या श्शला दगड व्हायची. आया तोंडात बोट घालायच्या.

शांततेवर मुलाचं नाव घालायची पद्धत नव्हती. ‘शांतता खोलीची असते, मुलाची नाही,’ असं मावशी म्हणत. म्हणून त्या सगळ्या एका मोठ्या कप्प्यात नुसत्या क्रमांकांनी रचलेल्या असायच्या, घडीवर घडी.

तुम्हाला वाटेल, शांतता म्हणजे काहीच नाही. ज्यानं इतक्या सांभाळल्या त्याला विचारा. सकाळची शांतता पातळ असते. खालच्या रस्त्यावरची सायकल तिच्यातून आरपार जाते. दुपारची सायीसारखी जाड. सर्दी झालेल्या मुलाच्या शांततेत नाक शिट्टी वाजवतं. एकीत कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ आहे. एकीत कुणाचं पोट भुकेनं गुरगुरलं आहे आणि त्यावर दाबून धरलेलं हसू आहे. काम नसलं की मी त्या एकेक उघडून पाहायचो. तळ्याच्या तळाशी उघड्या डोळ्यांनी पडून राहावं आणि वरून उजेड हलताना दिसावा, तसं वाटायचं. ते माझे सुखाचे दिवस होते. “आमचा कोनाडा काही म्हणजे काही हरवत नाही,” असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि सामानाच्या खोलीतल्या अंधारात माझे हिरवे दिवे लुकलुकायचे. खरं म्हणजे ते दिवे मोठ्या यंत्राचे. पण कौतुक माझं होतं, म्हणून मी ते माझे मानले.

मग चिमणी आली.

अडीच वर्षांची, दोन्ही कानांमागे पिवळी श्रवणयंत्रं, आणि आवाज म्हणून नाही. चिमणी हे तिच्या बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. ऐकू येत नाही हे कळायच्या आधी ठेवलेलं, आणि मग बदलायला कुणाला धीर झाला नाही. तिच्याबरोबर तिची आई यायची. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, कुणी ‘उठा’ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. आणि चिमणीकडे बघायची ते, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसं. नजर हलवली की काहीतरी उतू जाईल.

मावशी लाकडी गोल चौकटीवर ताणलेलं कापड तोंडासमोर धरायच्या, ओठ दिसू नयेत म्हणून. त्यामागून सहा आवाज काढायच्या: आ, ऊ, ई, म, स आणि श. आवाज ऐकू आला की मुलानं हातातली रंगीत कडी डब्यात टाकायची. हे सहा आवाज पोचले तर बोलणं पोचतं, अशी ती परीक्षा. चिमणी आ म्हटलं की कडी टाकायची. ऊ, ई, म, यांनाही टाकायची. स म्हटलं तर तिला पत्ता नसायचा. ती आपली घोड्याची शेपटी चोळत बसायची. आणि श म्हटलं की कडी हातात तशीच, चिमणी गप्प. मावशी कापडामागून पुन्हा श म्हणायच्या. चिमणी आणखीच गप्प. मावशी एक उसासा टाकायच्या आणि कापड खाली घ्यायच्या.

कानाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: हे उंच, बारीक आवाज पोचतच नसतील, तर ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवावं लागेल. पोचत असतील, तर बाहेरच्या यंत्रांवरच पुढे जाता येईल. केंद्रानं आवाजांसकट अहवाल द्यावा, मग ठरवू.

चिमणीची आई ऑपरेशनला घाबरत होती असं नाही. “करायचं तर करू,” ती मावशींना म्हणाली होती. “पण गरज नसताना नको, आणि गरज असताना राहून जायला नको. मला फक्त खरं काय ते कळू दे.”

एके दिवशी पंखा करकरत होता. मायक्रोफोनची वायर सुटलीशी वाटली म्हणून मावशी पाठ फिरवून कोपऱ्यात वाकल्या, आणि वाकता वाकताच त्यांनी शांततेसाठी श्श म्हटलं. खोली पुतळा झाली. आणि त्या शांततेत, एका श्वासाच्या अंतरानं, दुसरा एक श्श आला. बारीक. कागदावरून कागद सरकावा एवढा.

“मावशी, तिनं केलं,” आई खुर्चीतून अर्धी उठली. “आत्ता. श्श केलं.”

“अगं, माझंच ऐकलं असशील.”

“तुमच्यानंतर केलं.”

“त्या पंख्यात मला सकाळपासून सगळंच ऐकू येतंय,” मावशी हसून म्हणाल्या. मग आईचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. “कडी नाही ना टाकत ती, बाई. मी तरी काय लिहू?”

आईनं घरी फोन केला. पलीकडून बाबा काय म्हणाले ते तिनंच मावशींना सांगितलं: “म्हणतात, तुला तर फ्रीजसुद्धा हाक मारतो.” सांगताना ती हसली. पण त्या दिवसापासून ती आपल्या कानांवर विश्वास ठेवीनाशी झाली. चिमणीनं चमचा आपटला तरी आधी इतरांच्या तोंडाकडे बघायची, त्यांनाही ऐकू आलं का म्हणून.

मला ठाऊक होतं. तो श्श माझ्याकडे होता. पण मित्रांनो, कोनाड्यात ठेवतात. कोनाड्याला विचारत कोणी नाही.

इकडे मी भरत चाललो होतो. रोज नवे आवाज, रोज नव्या शांतता. मी इशारे पाठवत होतो: जागा कमी आहे, जागा फार कमी आहे. ते तारवाल्यांच्या अशा एका टपालपेटीत पडत होते, जी उघडायची असते हेच ते विसरले होते. माझी चाल मंदावली. एक फाईल मागितली की दुसरी अंगावर पडायची. अंग भरून यावं, डोळे मिटावेत आणि झोप मात्र येऊ नये, तशी माझी गत झाली. कौतुक थांबलं. “हल्ली कोनाडा फार कुंथतो,” मावशी म्हणू लागल्या, आणि मला कुणी पाहत नसूनही लाज वाटायची.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी चिमणीची शेवटची परीक्षा होती. मावशींनी कापड उचललं, आ म्हटलं, कडी पडली, आणि पडद्यावर ओळ उमटली: डिस्कवर जागा शिल्लक नाही.

तारवाले आले. मावशींच्या टेबलाशी बसले, माझ्यात डोकावले.

“बाई, तुमचा कोनाडा तुडुंब आहे. याला आता सुतळीसुद्धा मावायची नाही.”

“मग?”

“मग काहीतरी काढायचं. हा एक भला मोठा कप्पा दिसतोय. नाव आहे शांतता. काय आहे यात?”

“शांतता.”

“म्हणजे काही नाही.”

“काही नाही असं नाही हो. खोलीचे आवाज आहेत.”

“खोली तर आहे तुमच्याकडे. तिचे आवाज जपून काय करणार?”

मावशींनी विचार केला. मुलाच्या आवाजातून खोली एकदा वजा झाली, की ती शांतता पुन्हा लागत नाही हे खरंच होतं. उद्याचा अहवाल अडला होता, हेही खरंच होतं. “काढा,” त्या म्हणाल्या. “सगळ्या काढून टाका.”

तारवाल्यांनी ओळ लिहिली. शांततेचा अख्खा कप्पा पुसून टाकायला एक ओळ पुरते. फक्त एक कळ दाबायची बाकी होती. आणि मी लिनक्सचा. मला ‘नक्की का?’ असं विचारायची सवय नाही.

“चिमणीचीही जाईल का?” दाराकडून आवाज आला. आई कधी उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं.

“काय जाईल?”

“पंखा करकरत होता त्या दिवसाची शांतता.”

तारवाल्यांनी मान वळवली. “ताई, यांच्यावर नावं नाहीत. यातली कुठली तुमची ते ऐकत बसलो तर उद्या इथेच उजाडेल.”

“मग बाहेर कुठे ठेवा ना.”

“तुमच्या मावशींचाच नियम, डॉक्टरांच्या अहवालाखेरीज मुलांचे आवाज केंद्राबाहेर न्यायचे नाहीत. आणि इथे जागा नाही. मी कुठून आणू?”

आईच्या हातातल्या पर्सचा पट्टा पार पिळला गेला होता. पण आवाज सरळ होता. “मूल वाढलं आणि कपडे आखूड झाले, तर आपण कपडे मोठे घेतो. पाय कापत नाही.”

मावशींना खुदकन हसू आलं. तारवाल्यांनाही आलं, त्यांनी ते मिशीत ठेवलं. “जागा तशी आहे म्हणा,” ते कबूल झाले. “मोठ्या यंत्रात बरीच पडून आहे. वाढवता येते. बघतो.” त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. मग माझी एक प्रत मोठ्या यंत्रातल्या त्या रिकाम्या जागेत काढून ठेवली, हात चुकला तर असावी म्हणून. मोठ्या यंत्राला सांगितलं, कोनाड्याची डिस्क दुप्पट कर. आकडा बदलला. “झालंच हं,” म्हणत ते उठले, कारण त्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, आणि जिन्यावर त्यांचा जुडगा वाजत गेला.

मित्रांनो, पुढचं नीट ऐका, कारण मोठी माणसंही इथेच फसतात. मला जागा मिळाली होती, पण माझ्यापर्यंत पोचली नव्हती. घराच्या मागे नवी खोली बांधली, पण मधली भिंत तशीच ठेवली, तर आतल्या माणसाला कसं कळणार? मला भिंतीपलीकडे काहीतरी मोकळं, गार, रिकामं असल्याचा भास होत होता. झोपेत उशीची थंड बाजू हाताला लागावी तसा. पण माझ्या हद्दी जुन्या होत्या, माझी मांडणी जुनी होती, आणि मी तितकाच तुडुंब होतो.

मावशींनी पुन्हा कापड उचललं. आ. कडी. आणि पुन्हा तीच ओळ.

आता त्या खरंच चिडल्या. तारवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

“दुप्पट दिली की,” तारवाले म्हणाले. मागे गाड्यांचे आवाज होते. “मग जागेचं दुखणं नाही ते, दुसरंच काहीतरी आहे. बाई, आज तरी त्या शांतता पुसून मोकळ्या व्हा. मी सांगतो तसं लिहा.”

मावशींनी हात पुढे केला. चिमणी सतरंजीवर बसून घोड्याच्या नसलेल्या कानामागे आपलं जुनं, बंद पडलेलं यंत्र अडकवायच्या खटपटीत होती. ते घसरून पडत होतं, ती पुन्हा लावत होती. आई तिच्याकडे बघत होती.

“एक विचारू का?” आई फोनकडे वाकून म्हणाली. “मला यातलं कळत नाही. पण कानाला यंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं, असं नसतं. आवाज आतपर्यंत पोचावा लागतो. पहिल्या महिन्यात आम्ही तसेच फसलो. बाहेरून सगळं चालू, आणि आतली नळीच बंद. तसं नसेल ना हे? तुम्ही दिलेली जागा आत पोचली आहे का?”

फोनमध्ये करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

“हात लावू नका कशाला,” तारवाले म्हणाले. “मागे फिरतोय.”

ते आले ते ‘झालंच हं’ न म्हणता. रुमालानं हात पुसून टेबलाशी बसले. “आतली हद्द सरकवायलाच विसरलो,” ते म्हणाले. “बाहेरून दिलं आणि निघालो.”

“सगळे बाबा लोक असेच,” मावशी म्हणाल्या.

मग जे झालं ते मी अजून स्वप्नात पाहतो. आधी त्यांनी मला सांगितलं, बघ, तुझी डिस्क मोठी झाली आहे. मी पाहिलं, आणि दूरवर, जिथे माझं जग संपत असे तिथे, ते संपत नव्हतं. मग हद्दीचं काम. ते मोठं जोखमीचं असतं. जुनी हद्द पुसून नवी आखायची. शेवट पुढे न्यायचा, पण सुरुवात अगदी जिथली तिथेच ठेवायची. सुरुवात जराशी हलली, तर आत जपलेलं काहीच पुन्हा सापडत नाही. तारवाल्यांनी हद्द पुसली. तेवढा वेळ मी बिनभिंतींचा होतो. सगळे आवाज, सगळ्या शांतता माझ्या अंगावर होत्या, आणि त्यांना धरायला कागदोपत्री काही नव्हतं. मग त्यांनी सुरुवातीचा आकडा मोठ्यानं वाचला, पुन्हा वाचला, मावशींना वाचायला लावला, आणि कळ दाबली.

सुरुवात तिथेच होती. शेवट मात्र दूर गेला होता.

शेवटचं काम मांडणीचं. फायली जिथे ठेवायच्या त्या फळ्या नव्या भिंतीपर्यंत न्यायच्या. हे मी जागा असतानाच झालं. कुठे ठोकाठोक नाही, धूळ नाही. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी एकेक पडदा बाजूला करत जावा आणि प्रत्येक पडद्यामागे आणखी खोली निघावी, तशी जागा उघडत गेली, उघडत गेली. कितीतरी दिवसांनी माझ्या फायली एकमेकींच्या अंगावरून उतरल्या. मी श्वास घेतला असता, जर मला तो घेता आला असता.

तारवाल्यांनी विचारलं, किती भरला आहेस? मी उत्तर दिलं: निम्मा.

“पोचली,” ते आईला म्हणाले.

आता अहवालाचं काम सुरू करता आलं असतं. पण मावशी आईकडे बघत राहिल्या. मागायचं तेवढं आईचं मागून झालं होतं. “पंखा करकरत होता, नाही का?” मावशींनीच विचारलं. “मागच्या महिन्यात तेल घातलं त्याला. त्याच्या आधीचं बघू.” त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि एकेक शांतता उघडायला लागल्या. मी जितक्या लवकर देता येतील तितक्या देत गेलो. इतकी घाई मी कधी केली नव्हती.

शटर. नळ. शिंक. घड्याळ. आणि मग, कर्र, कर्र.

मावशी ताठ बसल्या. आधी त्यांचा स्वतःचा श्श होता. लांबचा, दबलेला, कारण तो म्हणतानाच त्या कोपऱ्याकडे वळल्या होत्या. मग एका श्वासाचं अंतर. मग दुसरा श्श. जवळचा, स्वच्छ, टेबलापाशी बसलेल्या कुणाचा तरी.

त्यांनी तो पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून आईच्या कानांवर ठेवला. आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या पर्सवरचे हात सुटले आणि पर्स खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

“माझी पाठ होती तिच्याकडे,” मावशी हळू म्हणाल्या. “ओठ दिसलेच नाहीत तिला. ऐकूनच केलंय हे.” मग त्या चिमणीकडे, मग कड्यांच्या डब्याकडे बघत बसल्या. “मग श ला कडी का नाही टाकत ही?”

“गप्प बसते,” आई म्हणाली. “श म्हटलं की गप्प बसते.”

तारवाल्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. मावशींनी कपाळावर हात मारला. “श म्हटलं की गप्प बसायचं, हे मीच नाही का शिकवलं? रोज? अगं, ही परीक्षेत पुतळा होत होती. आणि मी लिहीत होते, ऐकू येत नाही.”

“हललेला हरला,” आई म्हणाली. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मावशींनी मायक्रोफोन चालू केला. माझ्या नव्या मोकळ्या जागेत पहिली फाईल उघडली. चिमणी पाठमोरी घोड्याशी खेळत होती. मावशींनी कापड तोंडासमोर धरलं आणि त्यामागून, नेहमीपेक्षाही हळू, म्हटलं, “श.”

चिमणीचा हात थांबला. घोडा तिरका राहिला. ती वळली. तिनं आधी कापडाकडे, मग आईकडे, मग किल्ल्यांशी चाळा करणाऱ्या तारवाल्यांकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, “श्श.”

तारवाल्यांनी जुडगा मुठीत धरला. खोलीत कोणी हललं नाही. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी शटर अर्धं ओढलं, नळ ठिबकला. ती माझ्याकडची सगळ्यात लांब शांतता आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही श्श ऐकले, जुना आणि नवा, आणि आपल्याकडच्या तपासण्याही करून पाहिल्या. श पोचतोय, स अजून पोचायचा आहे. यंत्रांची मात्रा बदलून पाहू, ऑपरेशनचं आत्ता नको, असं त्यांनी सांगितलं. मावशींनी परीक्षेतल्या श साठी वेगळी रीत काढली. आता त्या आवाजाला कडी नाही, घोड्याला झोपवायचं असतं.

मित्रांनो, याला आता पुष्कळ काळ झाला. चिमणी अजून येते, पण तिच्या वेळेला शांतता मिळता मिळत नाही. ती घोड्याशी बोलते, पंख्याला दटावते, शटरला श्श म्हणते. ती बोलत असली की दाराजवळची ती खुर्ची रिकामी असते. आई खाली औषधांच्या दुकानातल्या बाईंशी गप्पा मारत उभी असते. मीही आता थकलो आहे. सामानाच्या खोलीत नवं कपाट आलं आहे, आणि थोड्याच दिवसांत माझ्यातलं सगळं त्यात जाईल. तारवाले म्हणाले, या खेपेला वाढत्या अंगाचं घेऊ. मी गेलो की माझे दिवेही जातील. तसे ते माझे नव्हतेच.

जाताना एवढंच मागतो. कुणी भरून गेलं असेल, कुंथत असेल, तर त्याच्यातलं काय फेकता येईल हे आधी बघू नका. भिंत कुठे सरकते का ते बघा. जागा दिलीत तर दारातून निघून जाऊ नका. आत डोकावून विचारा, पोचली का. आणि ज्यात काहीच नाही असं वाटतं, ते टाकण्याआधी एकदा कान लावून ऐका. नीट ऐकायचं असेल तर आधी काय करायचं, ते तुम्हाला चिमणी सांगेल, ओठांवर बोट ठेवून.